मी डावा, उजवा की मधला? राजकीय स्पेक्ट्रमवर आपली जागा शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न लोक सारखे विचारत असतात, शब्द थोडे इकडचे तिकडे होतात एवढंच. जिथे एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यावं लागलं असतं तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. डावं म्हणजे काय आणि उजवं म्हणजे काय? एकदम सोप्या भाषेत सांगा.

मूळ भांडण समानतेवरून आहे. माणसामाणसांतली विषमता, पैशाची असो, जन्माची असो नाहीतर बाई-पुरुषाची, ही बरीचशी माणसांनीच तयार केलीय, ती कमी करता येते आणि केलीच पाहिजे, त्यासाठी सरकारने हात घातला तरी चालेल, असं ज्याला वाटतं तो डावीकडे. उजवीकडचा म्हणतो की थोडीफार उतरंड राहणारच, ती कष्टातून, कर्तृत्वातून, परंपरेतून आलेली असते, आणि ती जबरदस्तीने सपाट करायला गेलं की एकतर माणसाचं स्वातंत्र्य जातं किंवा घर, धर्म, देश यांची बसलेली घडी विस्कटते. इटालियन विचारवंत नॉर्बेर्तो बोब्बिओ यांनी १९९४ मध्ये समानतेचाच निकष मांडला आणि मला तरी इतर कुठल्याही व्याख्येपेक्षा तोच जास्त कामाचा वाटतो, कारण सरकार मोठं की छोटं, धार्मिक की निधर्मी, हे देशानुसार फिरतं पण हा प्रश्न फारसा फिरत नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. उजवीकडे दोन वेगळी माणसं शेजारी बसलेली असतात, एक बाजारपेठवाला आणि एक परंपरावाला, आणि त्यांचं आपसात नेहमी पटतंच असं नाही. डावीकडेही तसंच, कामगारांच्या पगारासाठी लढणारा आणि व्यक्तिस्वातंत्र्यासाठी लढणारा. गोंधळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो (प्र. ६).

२. ही नावं आली कुठून?

फ्रान्समधून. १७८९ ची राज्यक्रांती, नवी राष्ट्रीय सभा भरलेली, राजाला किती अधिकार ठेवायचे, त्याला व्हेटो, म्हणजे सभेचा निर्णय अडवायचा अधिकार, द्यायचा की नाही यावर वाद चाललेला. राजाच्या बाजूचे सभासद अध्यक्षाच्या उजव्या हाताला जमायला लागले आणि विरोधातले डाव्या हाताला. म्हणजे सुरुवातीला ही फक्त बसायची जागा होती. सामान्य मतदार स्वतःबद्दल "मी डावा" असं म्हणायला लागला ते पुष्कळ नंतर, तोपर्यंत ती भाषा संसदेच्या आतलीच होती.

३. सर्व्हेत १ ते १० मधला आकडा निवडा म्हणतात. तो नक्की कशाच्या हिशेबाने द्यायचा?

इथेच खरी गोम आहे. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेमध्ये १ म्हणजे डावं टोक आणि १० म्हणजे उजवं टोक, युरोपियन सोशल सर्व्हेमध्ये ० ते १०. या आकड्यांना किलो किंवा मीटरसारखं माप नाही. ४ म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नसतं, तुम्ही आजूबाजूला बघता, माझ्यापेक्षा हा जास्त डावा, ती जास्त उजवी, आणि मधे कुठेतरी स्वतःला टाकता. त्यामुळे ज्याच्या ऑफिसात सगळे कट्टर डावे आहेत तो साधा सुधारणावादी माणूससुद्धा स्वतःला ६ देतो आणि तीच मतं असलेला दुसरा कुणी, ज्याचे सगळे नातेवाईक परंपरावादी आहेत, तो ३ देऊन मोकळा होतो. दोघंही खोटं बोलत नाहीयेत. म्हणून माझं म्हणणं असं की तुमचा आकडा जितका तुमच्याबद्दल सांगतो तितकाच तुम्ही कुणाशी तुलना करताय त्याबद्दल सांगतो, आणि आकडा देण्याआधी ती तुलना कुणाशी चाललीय हे स्वतःला विचारलं तर अर्धं काम झालं.

अजून एक बारीक गंमत. १ ते १० मध्ये बरोबर मधला आकडाच नाही, मध्य साडेपाचला येतो. तरी लोक ५ लाच मधला समजून त्यावर गर्दी करतात. कागदावर ती माणसं डावीकडे किंचित झुकलेली दिसतात, त्यांच्या मनात मात्र ती मधोमध उभी असतात.

४. मला दर वेळी मधलाच आकडा द्यावासा वाटतो. मी सेंटरिस्ट आहे का?

असालही, नसालही. मधल्या आकड्यावर किमान तीन प्रकारची माणसं असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

पहिला खरा मध्यममार्गी, ज्याला खरंच प्रत्येक मुद्द्यावर मधली भूमिका पटते, कर थोडे वाढवा पण फार नको, खाजगीकरण करा पण सगळ्याचं नको. दुसरा मिश्र मतांचा, ज्याची मतं मधली अजिबात नाहीत, उलट चांगली कडक आहेत, पण एक या टोकाचं आणि एक त्या टोकाचं, आणि सरासरी काढली की मधे येतं. ज्याला श्रीमंतांवर जबरदस्त कर हवाय आणि स्थलांतरितांना सीमेवरच थांबवायचंय असा माणूस घ्या, सरासरी ५ येईल, पण त्याला मवाळ म्हणणं म्हणजे त्याचं म्हणणं न ऐकणं आहे. आणि तिसरा ज्याला हा प्रश्नच आपला वाटत नाही, काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून मधलं खूण करतो.

टीव्हीवरच्या चर्चेत या तिघांना मिळून "मधला मतदार" म्हणतात आणि मग पक्ष त्यांच्यासाठी सगळं पातळ करून मांडतात. अर्थतज्ज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये दोन दुकानदार एकमेकांच्या जवळ का सरकतात ते मांडलं, अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये तेच पक्षांना लावलं, की दोन पक्ष असतील तर दोघंही मधल्या मताकडे सरकतील. हिशेब बरोबर आहे पण तो एकच सरळ रेघ धरून केलेला आहे, आणि दुसऱ्या प्रकारचा माणूस त्या रेघेवर मावतच नाही.

तुम्ही कुठल्या प्रकारातले हे बघायचं असेल तर प्र. १७ मधली रीत करून बघा.

५. काही मुद्द्यांवर माझं ठाम मत आहे, काहींवर काहीच नाही. मी अडाणी आहे का?

अजिबात नाही, तुम्ही बहुसंख्य आहात. फिलिप कॉनव्हर्स या अमेरिकन अभ्यासकाचा १९६४ चा निबंध या बाबतीत फार प्रसिद्ध आहे. १९५० च्या दशकातल्या मतदारांच्या मुलाखती बघून त्यांना दिसलं की पक्ष आणि उमेदवारांबद्दल बोलताना डावं-उजवं अशी चौकट धरून विचार करणारे लोक जेमतेम अडीच टक्के होते, जवळपास तसे म्हणता येतील असे धरले तरी साधारण दर नऊ जणांत एक. बाकीचे आपल्या गटाचा फायदा-तोटा, दिवस चांगले की वाईट, असं बघत होते. त्याच लोकांना काही वर्षांनी तेच प्रश्न विचारले तर कितीतरी जणांची उत्तरं पार बदललेली, मत बदललं म्हणून नाही तर आधीही मत असं नव्हतंच.

यावरून लोकांना नावं ठेवणारे बरेच आहेत, मला ते पटत नाही. आपल्या आयुष्याला ज्याचा हात लागतो त्यावर मत असणं आणि बाकीच्यावर नसणं हा प्रामाणिकपणा आहे. "माहीत नाही" हे पूर्ण उत्तर आहे.

६. मला कर कमी हवेत, सरकारी कंपन्या नकोत, पण कुणी कुणाशी लग्न करावं यात सरकारने पडू नये असंही वाटतं. मग मी कुठला?

एका रेघेवर तुम्ही बसणार नाही, दोन रेघा घ्या. एक आर्थिक, म्हणजे सरकारने वाटप करायचं की बाजारावर सोडायचं. दुसरी सामाजिक, म्हणजे माणसाच्या खाजगी आयुष्यावर परंपरेचा आणि कायद्याचा किती धाक असावा. मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी १९५४ मध्येच दोन अक्षांची मांडणी केली होती, मग अमेरिकेत डेव्हिड नोलन यांनी १९६९ च्या सुमारास आर्थिक स्वातंत्र्य आणि वैयक्तिक स्वातंत्र्य असा तक्ता काढला. तुम्ही त्या तक्त्यात आर्थिक उजवे आणि सामाजिक उदार, ज्याला लिबर्टेरियन म्हणतात त्याच्या आसपास.

भारतात याच्या जवळ जाणारा पक्ष होऊन गेलाय. १९५९ मध्ये राजाजी, मिनू मसानी वगैरेंनी काढलेला स्वतंत्र पक्ष, लायसन्स-परमिट राजच्या आणि सहकारी शेतीच्या विरोधात उभा राहिलेला, १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा घेऊन सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला. त्यातही संस्थानिक, परंपरावादी होतेच, शुद्ध काहीच नसतं, पण आर्थिक उजवं म्हणजे धार्मिक राजकारणच असं जे समीकरण लोक मांडतात ते तिथे लागू पडत नव्हतं.

उलटा कोपराही भरलेला आहे बरं का. पेन्शन हवी, सरकारी नोकऱ्या हव्यात, आणि संस्कृती मात्र जशी आहे तशीच राहू दे, असं म्हणणारे मतदार जगभर खूप आहेत आणि त्यांच्यासाठी पक्ष मात्र कमी असतात.

७. ऑनलाइन टेस्ट दिली, डावीकडच्या खालच्या हिरव्या चौकोनात ठिपका आला. यावर विश्वास ठेवू का?

सुरुवात म्हणून ठीक, निकाल म्हणून नको. २००१ पासून चालू असलेली पॉलिटिकल कंपास घ्या, तिच्यात प्रत्येक विधानाला चारच पर्याय असतात, जोरदार सहमत, सहमत, असहमत, जोरदार असहमत. "माहीत नाही" नाही आणि "परिस्थितीवर अवलंबून" पण नाही. म्हणजे प्र. ५ मधल्या माणसाला जबरदस्तीने मत बनवायला लावलं जातं. शिवाय विधान कसं लिहिलंय त्यावर बरंच ठरतं, कारण सहमत म्हणण्याकडे माणसाचा कल असतोच. तेच विधान उलटं करून वाचा आणि बघा अजूनही तेच उत्तर देताय का. नाही दिलंत तर त्या मुद्द्यावर तुमचं मत अजून कच्चं आहे, ते कळलं हाच त्या टेस्टचा फायदा.

८. माणूस डावा-उजवा होतो कशामुळे? घरामुळे, शिक्षणामुळे की जन्मतःच?

तिन्हीचा वाटा आहे. घराचं बघायचं तर अमेरिकेत १९६५ मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांचे आईवडील दोघांच्या मुलाखती घेतल्या गेल्या आणि पुढे अनेक वर्षं त्यांचा मागोवा ठेवला. त्यात पक्षाची ओढ घरातून मुलांकडे बऱ्यापैकी जाते असं दिसलं, पण वेगवेगळ्या मुद्द्यांवरची मतं तितकी जात नाहीत. म्हणजे आपण कुठल्या बाजूचे हे घरात कळतं, का ते आपलं आपण नंतर भरतो.

संगतीचं सगळ्यात बोलकं उदाहरण बेनिंग्टन कॉलेजचं. १९३० च्या दशकात व्हरमाँट राज्यातल्या या मुलींच्या कॉलेजात थिओडोर न्यूकम यांनी पाहणी केली. मुली बहुतेक श्रीमंत, रिपब्लिकन म्हणजे अमेरिकेतल्या उजव्या पक्षाच्या घरांतल्या आणि प्राध्यापक डेमोक्रॅट म्हणजे डावीकडच्या पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या धोरणांकडे झुकलेले. १९३६ च्या निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी साधारण ६२ टक्के रिपब्लिकन उमेदवार लँडनच्या बाजूने होत्या आणि वरच्या वर्गांत हाच आकडा १५ टक्क्यांच्या आसपास. लोक म्हणतील कॉलेज संपलं की उतरलं असेल, तर नाही, पंचवीसेक वर्षांनी त्याच बायकांना परत गाठलं तेव्हा बहुसंख्य डावीकडेच होत्या. न्यूकम यांचं म्हणणं की नवरा, मैत्रिणी, वर्तुळ हे त्यांनी नव्या मतांना साजेसंच निवडलं आणि त्यामुळे ती मतं टिकली. मला यातला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या मुली कॉलेजात असूनही घराशी घट्ट राहिल्या त्या फारशा बदलल्या नाहीत, म्हणजे पुस्तकांपेक्षा आपण कुणाला आपलं मानतो त्याचा जोर मोठा.

जन्मतः असलेल्या भागाबद्दल २००५ मध्ये जुळ्यांचा अभ्यास गाजला, एकसारख्या जुळ्यांची राजकीय मतं साध्या जुळ्यांपेक्षा जास्त जुळतात असा. यावरून "डाव्याचं जनुक" वगैरे मथळे आले ते मात्र फालतू. स्वभावाचा कल, नव्या गोष्टीची ओढ किंवा धोक्याची भीती, हे थोडं अंगात असू शकतं, पण तो कल कुठल्या पक्षात जाऊन पडेल हे देश आणि काळ ठरवतो. प्र. १३ मधलं सोव्हिएत उदाहरण बघा.

९. वय वाढलं की माणूस उजवा होतो, हे खरं ना?

लोक समजतात तितकं नाही. एकाच माणसाला वर्षानुवर्षं विचारत राहिलं तर बहुतेकांची मतं जागच्या जागीच राहतात. जी थोडी माणसं सरकतात त्यांत डावीकडून उजवीकडे जाणारे उलट्यापेक्षा जास्त असतात, तेवढ्यापुरतं म्हणणं खरं. पण म्हातारी पिढी उजवी दिसते त्याचं मोठं कारण वेगळं आहे, ती तरुण असतानाच तशी होती आणि जग पुढे सरकलं. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ मध्येच मांडलं होतं की पिढीवर तिच्या तरुणपणातल्या मोठ्या घटनांचा शिक्का बसतो. युद्ध, मंदी, आणीबाणी, जे काही वयाच्या विशीत अंगावर आलं ते साठीतल्या मतपत्रिकेवर दिसतं.

१०. गरीब माणूस उजव्या पक्षाला मत का देतो? आणि एवढे शिकलेले श्रीमंत लोक डावे कसे?

हा प्रश्न विचारताना बऱ्याचदा सूर असा असतो की गरिबाला आपलं हित कळत नाही. ते डोक्यातून काढा. माणसाचं हित फक्त पाकिटात नसतं, आपल्या गावाला, श्रद्धेला, कामाला मान मिळतोय का हेही हितच आहे.

आकड्यांचं बघायचं तर फ्रेंच अर्थतज्ज्ञ तोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ पाश्चात्त्य लोकशाही देशांचा १९४८ ते २०२० पर्यंतचा मतदानाचा डेटा जमवला. १९५०-६० च्या दशकांत कमी शिकलेले आणि कमी कमावणारे, दोघंही डाव्या पक्षांकडे. मग हळूहळू जास्त शिकलेले डावीकडे सरकत गेले, जास्त पैसेवाले मात्र बऱ्याच देशांत उजवीकडेच राहिले. म्हणजे शिक्षण आणि पैसा जे एकत्र चालायचे त्यांची फारकत झाली. डावे पक्ष शिकलेल्यांच्या भाषेत बोलायला लागले आणि ज्याच्यासाठी ते निघाले होते त्या कामगाराला ती भाषा परकी वाटायला लागली, हे मला यातलं सगळ्यात दुःखाचं वाटतं, कारण त्याचे पगाराचे प्रश्न काही सुटलेले नव्हते.

११. बायका पुरुषांपेक्षा डाव्या असतात का?

कायम नाही. पश्चिम युरोपात १९५०-६० च्या दशकांत बायका पुरुषांपेक्षा जास्त उजवीकडे मत द्यायच्या, तेव्हा चर्चशी त्यांचं नातं घट्ट होतं. नंतर शिक्षण, नोकरी आली आणि चित्र हळूहळू उलटलं. अमेरिकेत हा फरक १९८० च्या निवडणुकीपासून ठळक झाला. स्वभाव बदलला नाही, दिवसभराचं जगणं बदललं.

१२. मी स्वतःला उजवा म्हणवतो पण सरकारी दवाखाना, पेन्शन, शाळा हे सगळं मला हवंय. मी ढोंगी आहे का?

नाही हो. १९६४ मध्ये अमेरिकेत लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल यांनी नेमकं हेच मोजलं. सरकारने कमी लुडबुड करावी का असं तत्त्व म्हणून विचारलं तर निम्मे लोक उजव्या बाजूला, आणि एकेक सरकारी योजना घेऊन विचारलं तर जवळजवळ दोन तृतीयांश लोक त्या योजनांच्या बाजूने. लेबल हे ओळखीचं असतं, योजना गरजेची असते. मतपेटीत दोन्ही जातात. उलटंही होतं, स्वतःला पुरोगामी म्हणवणारा माणूस आपल्या वस्तीजवळ गरिबांसाठी घरं होणार म्हटल्यावर सह्यांची मोहीम काढतो.

१३. एका देशातला लिबरल दुसऱ्या देशात उजवा कसा काय?

लेबल देशाबाहेर नेलं की बिघडतं. अमेरिकेत लिबरल म्हणजे डावीकडचा, ऑस्ट्रेलियात १९४४ पासूनचा लिबरल पक्ष उजवीकडचा. रंगही तसेच, जगात लाल म्हणजे डावं आणि अमेरिकेत २००० च्या निवडणुकीपासून लाल म्हणजे रिपब्लिकन. सोव्हिएत संघाच्या शेवटच्या वर्षांत ज्यांना परंपरावादी म्हणायचे ते कट्टर कम्युनिस्ट होते, कारण जुनी व्यवस्था तीच होती आणि ती जपायला ते निघाले होते.

१४. काही देशांत डावं-उजवं बसतच नाही असं ऐकलंय. खरं आहे?

बसतं पण आडवं-तिडवं. लिप्सेट आणि रोक्कान या अभ्यासकांनी १९६७ मध्ये युरोपातले पक्ष चार जुन्या भेगांवर उभे आहेत असं दाखवलं, केंद्र विरुद्ध परीघ (म्हणजे राजधानी विरुद्ध दूरचे प्रांत), चर्च विरुद्ध राज्य, शेती विरुद्ध उद्योग, मालक विरुद्ध कामगार. डावं-उजवं ही त्यातली मुख्यतः शेवटची भेग. आयर्लंडमध्ये फियाना फॉइल आणि फिने गेल हे दोन मोठे पक्ष १९२२-२३ च्या यादवीतून आले, ब्रिटनशी झालेला करार मान्य की अमान्य यावरून, आणि दोघंही मध्याच्या आसपासचेच. अखेर २०२० मध्ये एकत्र सरकारात बसले. अर्जेंटिनात पेरोनवाद, म्हणजे जुने राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या नावाने चाललेली चळवळ, या एकाच छत्रीखाली १९९० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी सरकारी कंपन्या विकल्या आणि २००३ नंतर किर्चनर यांनी उलटा रस्ता धरला, मतदार बऱ्याच अंशी तेच. भारतात जात, भाषा, प्रदेश, धर्म या भेगा इतक्या खोल आहेत की शेतकरी म्हणजे डावा असंही म्हणता येत नाही, शरद जोशींची शेतकरी संघटना तर सरकारने बाजारातून बाजूला व्हावं म्हणून रस्त्यावर उतरली होती.

१५. माझी मतं तीच आहेत, तरी आता लोक मला दुसऱ्या बाजूचा म्हणतात. असं होऊ शकतं?

नक्की होतं, आणि त्रासदायक असतं. आकडा तुलनेतून येतो हे प्र. ३ मध्ये आलंच, आता तुलनेची माणसंच हलली तर तुम्ही न हलता हलता. अमेरिकन काँग्रेसमध्ये १९७० च्या दशकात काही डेमोक्रॅट काही रिपब्लिकनांपेक्षा उजवे होते, मतदानाच्या नोंदींवरून काढलेल्या मोजमापात आता असा एकही सापडत नाही. जे मधे उभे होते ते एकतर निवृत्त झाले, हरले किंवा पक्ष बदलून गेले. मतदारांतही तेच जाणवतं. १९६० मध्ये मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल म्हणणारे जेमतेम ५ टक्के होते, २०१० पर्यंत तो आकडा कित्येक पटींनी वाढला. मुद्द्यांवरचं अंतर तितकं वाढलेलं नाही जितका राग वाढलाय.

१६. टोकाचे डावे आणि टोकाचे उजवे शेवटी सारखेच ना?

पद्धतीत साम्य असतं, विरोधकाला शत्रू मानणं, निवडणूक आणि कोर्ट अडचण वाटणं, हिंसेला माफ करणं. पण कशासाठी हे वेगळं असतं आणि बळी कोण जातं हेही वेगळं असतं. घोड्याच्या नालेसारखी दोन टोकं जवळ येतात ही कल्पना ऐकायला छान आहे, तिचा उपयोग मात्र बऱ्याचदा मधल्याने दोन्हीकडचं ऐकायचं टाळण्यासाठी होतो.

१७. बरं मग, मी माझी जागा ठरवू तरी कशी?

कागद घ्या. कर, आरोग्य, शिक्षण, स्थलांतर, लग्न-घटस्फोटाचे कायदे, पोलिसांचे अधिकार, पर्यावरण, धर्म आणि सरकार, कामगारांचे हक्क, लष्करावरचा खर्च, असे दहाएक मुद्दे लिहा आणि कुठल्याही पक्षाची भूमिका न बघता प्रत्येकापुढे दोन ओळींत तुमचं मत. जिथे नाही तिथे "नाही" लिहा. मग प्रत्येक मतापुढे लिहा की हे कुठून आलं, अनुभवातून, घरातून, वाचनातून की चार लोक म्हणतात म्हणून. हा दुसरा रकाना भरताना वेळ लागतो आणि तोच महत्त्वाचा आहे. आता पक्षांचे जाहीरनामे काढून ताडून बघा. बहुतेकांना दिसतं की ज्या पक्षाला आपण आपला म्हणतो त्याच्याशी सगळ्या मुद्द्यांवर जुळत नाही, काही तर सरळ विरोधात आहेत.

१८. आणि एवढं करूनही कुठेच बसलो नाही तर?

मग लेबल लावू नका. मतदान यंत्र तुम्हाला डावे की उजवे विचारत नाही, उमेदवार विचारतं, आणि मत गुप्त आहे. कुणी फारच खोदून विचारलं तर मुद्द्यावर बोला, "करांबद्दल माझं असं मत आहे, पोलिसांबद्दल असं". समोरचा तरी शिक्का मारेलच, त्याला मारू दे, पण पुढच्या निवडणुकीआधी तो कागद परत काढा आणि दुसऱ्या रकान्यात जिथे "चार लोक म्हणतात" असं लिहिलं होतं तेवढे मुद्दे आधी वाचा.